मुंगसाचं अनेकवचन

हिंदुस्थानी भाषांमधून इंग्रजीत गेलेल्या शब्दांची यादी लांबलचक आहे. त्या यादीत ऑक्सफर्डच्या कोशाने ज्याच्यापुढे मूळ मराठी अशी नोंद केली आहे, तो एक शब्द प्राण्याचा आहे, मॉन्गूस. म्हणजे आपलं मुंगूस. मराठी मुलाने हा शब्द इंग्रजीत शिकायचा कसा, घरच्या शब्दाचं बोट धरून की थेट इंग्रजी वाक्यातून, यावरून बेळगावच्या खडेबाजारात वह्या, पुस्तकं आणि चित्रकलेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात दोघांचं चांगलंच वाजलं.

दोघांपैकी एक बाई. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. दुसरे दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. निमित्त मामांच्या सातवीतल्या नातीचं. निपाणीकडच्या आत्याच्या उसात तिला मुंगसं दिसली होती आणि इंग्रजी निबंधात तिने लिहिलं होतं, 'आय सॉ टू मॉन्गीज.' बाईंनी शेवटच्या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मॉन्गूसेस'.

"गूसचं गीज होतंय, मग मॉन्गूसचं मॉन्गीज का नको?" मामा म्हणाले. "पोरीने डोकं चालवलंय की, बाई."

"डोकं चालवलंय, म्हणून तर ओरडले नाही," बाई म्हणाल्या. "पण गूस-गीज, फूट-फीट, टूथ-टीथ, माऊस-माइस ही इंग्रजीतली हजार वर्षांहून जुनी जोडपी आहेत. फार पूर्वी त्यांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात इकारासारखा स्वर होता. त्याने मागच्या अक्षरातला स्वर स्वतःकडे ओढून घेतला. पुढे प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा मागे राहिला. असे शब्द मोजकेच उरलेत. मॉन्गूस इंग्रजीत आला सतराव्या शतकाच्या शेवटी. तोवर ही खोड कधीच थांबली होती. त्याला साधा प्रत्यय लागतो, बस-बसेससारखा."

"मग हेच आधी सांगायला पाहिजे होतं. मी काय सांगूलालोय? तिला शब्द शिकवताना कुणी म्हणालं असतं की, बाळ, हे आपलंच मुंगूस आहे, तर तिला त्यात गूस दिसलाच नसता. स्पेलिंगात शेवटी गूस आहे, म्हणून पोर फसली. शब्दाचं घर दाखवा, चूक होणारच नाही."

मामांचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. मराठीत मुंगूसचं मुंगसं होतं, शब्दाच्या शेवटी काहीतरी जोडलं जातं, आत उलथापालथ फारशी होत नाही. पण बाईंनी तो एका शब्दात अडवला. तो शब्द होता मूस. उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. हाही शब्द इंग्रजीला बाहेरूनच मिळाला, तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँकियन भाषांमधून, तोही सतराव्या शतकातच. त्याचं अनेकवचन मात्र मूसच. वन मूस, टू मूस. म्हणजे कानाला सारखे लागणारे तीन शब्द आणि तिघांच्या तीन तऱ्हा, गूस-गीज, मूस-मूस, मॉन्गूस-मॉन्गूसेस. पाहुण्या शब्दाला प्रत्यय लागतो, हाही नियम पक्का नाही. शब्द कुठून आला, यावरून त्याचं अनेकवचन ठरत नाही. ते वाक्यात ऐकावं लागतं, वाचावं लागतं, लिहावं लागतं. काही अमेरिकी कोश 'मॉन्गीज' हाही कमी प्रचलित पर्याय म्हणून नोंदवतात, हे बाईंनी लपवलं नाही. परीक्षेच्या वहीत मात्र तो लिहू नये, असं त्यांचं स्पष्ट मत. अनेकवचनाच्या या फेरीत बाजू बाईंचीच बरोबर होती.

मामा तरी ऐकतात थोडेच. "बाई, तुम्ही इंग्रजी कशावर शिकलात?"

"तर्खडकरांच्या पाठमालेवर."

"भाषांतर पाठमाला! आधी मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी. म्हणजे तुम्हीसुद्धा मराठीचं बोट धरूनच गेलात की."

बाई हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. "तर्खडकरांनी वाक्यं दिली, मामा. शब्दांच्या कुळकथा नाही दिल्या. पानामागून पान वाक्यं घोटून घेतली. शब्द तिथे रुळतो."

हा भेद महत्त्वाचा आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेतलं मूल घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड आणि वर्गात या दोन्हींशिवाय इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरतं. त्याच्यापुढे इंग्रजी शब्द आला की पहिल्याने तो कानाने जुन्या ओळखीत बसवला जातो. मुंगूस या शब्दाबाबत ही ओळख खरी निघते, आणि तिचा फायदा तीन ठिकाणी लगेच मिळतो. अर्थ समजावत बसावं लागत नाही. स्पेलिंग आंब्याच्या मँगोकडे घसरत नाही. आणि सर्वनामही आयतं मिळतं, कारण मराठीत ते मुंगूस, नपुंसकलिंगी, तसं इंग्रजीत 'इट'. कुत्रा, कुत्री, कुत्रं असा घोळ इथे नाही. बदलायचा तो फक्त पहिला स्वर. आपल्या 'मुं'च्या जागी इंग्रज 'मॉं' म्हणतात, जोर त्या पहिल्या अक्षरावर देतात, आणि शेवटचा स स्वच्छ स ठेवतात, ज नव्हे. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं न देणं हा मुलांवर अन्याय आहे, आणि इथे मामांचं पारडं जड होतं.

दोघांचं असं चाललेलं असताना समोरच्या कापडदुकानातून आण्णा आले. आण्णा कन्नड बोलणारे, पण गिऱ्हाइकाशी अस्खलित मराठी. वाद ऐकून म्हणाले, "तुमचं मराठीचं कसं ओ ते? आम्ही मुंगुसी म्हणतो. आमचं नेलं असेल इंग्रजांनी."

बेळगावात मराठी की कन्नड असा प्रश्न निघाला की मोठी माणसं क्षणभर गप्प होतात. बाईंनी मात्र तो आनंदाने उचलला, कारण यावर इंग्रजांचंच एकमत नव्हतं. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा असा पश्चिम किनाऱ्याच्या आसपास हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनमध्ये छापलं गेलं आणि त्यात मुंगूस हा फेरेटच्या जवळचा प्राणी म्हणून येतो. इंग्रजीतल्या या शब्दाची सर्वात जुनी नोंद म्हणून हीच दाखवली जाते. पुढे १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश काढला. त्यांनी हा शब्द तेलुगू ठरवला, तेलुगूत मुंगिस म्हणतात म्हणून. ऑक्सफर्डने मराठीला मान दिला. कोकणीत मुंगूसच आहे, कन्नडमध्ये मुंगुसी आहे.

"आणि हिंदीत?" आण्णांनी विचारलं.

"नेवला. गुजरातीत नोळियो. तमिळमध्ये कीरी. संस्कृतात नकुल."

म्हणजे नकाशा आपोआप उभा राहतो. नर्मदेच्या वर हा शब्द नाही, तमिळ मुलखातही नाही. मधल्या पट्ट्यात, मराठी, कोकणी, कन्नड, तेलुगू या चार भाषांत तो थोड्याफार फरकाने नांदतो. त्यांतल्या दोन संस्कृतच्या कुळातल्या, दोन द्राविड. फ्रायरच्या फिरतीचा मुलूख पाहता त्याच्या कानावर तो मराठी-कोकणी तोंडून पडला असावा, त्यामुळे ऑक्सफर्डची नोंद पटण्यासारखी आहे. पण ज्या तोंडातून तो इंग्रजाने ऐकला तेवढ्या एकाच भाषेच्या मालकीचा तो आहे, असं त्यातून निघत नाही. दख्खनच्या पठारावर जो जो उसाच्या बांधावर उभा राहिला, त्या सगळ्यांचा हा शब्द आहे. आण्णांना हे मान्य झालं. मामांनी मान हलवली, पण पहिला मान मराठीचा, एवढं पुटपुटलेच.

बाईंनी मग दोघांनाही माहीत नसलेली गोष्ट काढली. मुंगसाची कथा मुंगूस या शब्दाच्या कितीतरी आधी युरोपात पोचली होती. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवणारं आणि तोंडाला रक्त दिसलं म्हणून गैरसमजाने मारलं गेलेलं मुंगूस आपल्याला पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातून, 'अपरीक्षितकारक'मधून ठाऊक आहे. ही कथा फारसी-अरबी भाषांतरांच्या वाटेने पश्चिमेकडे गेली. तिकडे मुंगूस कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून अरबीत त्याचा विझल नावाचा प्राणी झाला, आणि युरोपात पोचेपर्यंत कुत्रा झाला. वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाचं गाव आहे. तिथे गेलर्ट या इमानी शिकारी कुत्र्याची समाधी दाखवतात, आणि त्याची कथा हुबेहूब आपल्या मुंगसाची आहे, फक्त सापाच्या जागी लांडगा आहे. शब्द नसला की प्राणी गळून पडतो, कथा मात्र दुसरा प्राणी शोधते. इंग्रजीत मुंगूस हा शब्द रुजण्याआधी आणि नंतरही काही काळ विद्वान 'इक्न्यूमन' हा ग्रीक शब्द वापरत. तो मूळचा इजिप्तमधल्या मुंगसाचा. आज तो शब्द कोशापुरता उरला आहे आणि साध्या बोलण्यात फ्रायरच्या कानावर पडलेला शब्द जिंकला आहे.

"हे पोरांना का सांगत नाही, बाई तुम्ही?" मामांचा आवाज चढला. "हे सांगितलंत तर वर्गात कुणी जांभई देणार नाही."

"सांगते. पण आधी वाक्य लिहून घेते, मग सांगते. उलट केलं की गोष्ट लक्षात राहते आणि 'अ मॉन्गूस'मधला 'अ' गळतो."

त्यावर त्यांनी वापराचा असा एक पदर उघडला की मामा खरोखर गप्प झाले. मुंगूस म्हटल्यावर मराठी मुलाच्या मनात काय येतं? सापाचा वैरी. दिसलं तर शुभ. वाटेत आडवं गेलं तर मुलं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. हा सगळा जिव्हाळा घेऊन मूल इंग्रजीत 'मॉन्गूस' लिहितं. पण हवाईतल्या किंवा जमैकातल्या वाचकाला तो शब्द उपद्रवी प्राण्याचा वाटतो. जमैकाच्या उसाच्या मळ्यांत उंदरांनी धुमाकूळ घातला, म्हणून एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. ती झपाट्याने वाढली. जमैकाहून १८८३ मध्ये ती हवाईच्या उसात नेली. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे व्हायची तेवढी गाठ पडली नाही. गाठ पडली ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांशी आणि सरड्यांशी. जपानने १९१० मध्ये ओकिनावा बेटावर हाबू या विषारी सापासाठी मुंगसं सोडली. तिथेही साप निशाचर. पुढे १९७९च्या सुमारास ती अमामी ओशिमा बेटावर सोडली गेली आणि तिथल्या दुर्मीळ सशावर संकट आलं. अनेक वर्षं पकडमोहीम चालवून जपान सरकारने २०२४च्या सप्टेंबरमध्ये अमामी बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. जपानीत त्याला काय म्हणतात? मांगूसू.

यातली एक गोष्ट खडेबाजारातल्या तिघांनाही चकित करणारी होती. जमैकाला गेलेलं जनावर बंगालचं होतं, लहान जातीचं. बंगालीत त्याला बेजी किंवा नेउल म्हणतात. पण बोटीवर चढताना त्याला नाव मिळालं ते दख्खनचं, कारण तोवर इंग्रजांच्या तोंडी तेच बसलं होतं. प्राणी कलकत्त्याचा आणि नाव आपल्याकडचं, अशी ही जोडी कॅरिबियन बेटांत पोचली. तिथे त्याच्यावर लोकगीतंही झाली आणि त्यांत ते लबाड, कोंबड्या पळवणारं म्हणून येतं.

"म्हणजे वापर शिकणं म्हणजे एवढं सगळं," बाई म्हणाल्या. "अनेकवचन ही फक्त पायरी. 'द मॉन्गूस इज अवर फ्रेंड' हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे, पण ते कुठल्या गावचं आहे हे लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे. 'इन अवर फील्ड्स' एवढं जोडलं की खरं होतं."

इतका वेळ ऐकत बसलेल्या नातीने विचारलं, "पण गोष्टीत 'ही' म्हणतात की. 'इट' नाही."

प्रश्न नेमका होता. रुड्यार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये, १८९४ सालच्या, रिक्की-टिक्की-टावी नावाचं मुंगूस आहे. बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीतल्या एका इंग्रज कुटुंबाला ते नागांपासून वाचवतं. किपलिंग त्याला पहिल्यापासून 'ही' म्हणतो. कारण त्याला नाव आहे, मन आहे. इंग्रजीत प्राण्याला नाव दिलं, घरात घेतलं, की 'इट' मागे पडतं. शेतात पळून गेलेलं मुंगूस 'इट', गोष्टीतलं रिक्की 'ही'. मराठीत नाव ठेवलं तरी मुंगूस 'ते'च राहतं, फार तर नावाचं लिंग बोलण्यात शिरतं. इथे घरचं बोट सुटतं आणि इंग्रजीची वाट वेगळी होते. मामांनाही हे मान्य करावं लागलं, आणि त्यांनी ते मोकळेपणाने केलं.

त्यांच्याकडेही एक पान शिल्लक होतं. "बाई, बॅट आठवते का? आयपीएलच्या २०१० सालच्या हंगामात चेन्नईकडून मॅथ्यू हेडन लांब दांड्याची, आखूड पात्याची बॅट घेऊन उतरला होता. तिचं नाव मॉन्गूस. पोरं दुकानात येऊन विचारत होती, मामा, मुंगूस बॅट कुठे मिळेल? एकालाही अर्थ सांगावा लागला नाही."

आणि मग ब्रशचा विषय निघाला, कारण तो त्याच दुकानातला होता. चित्रकारांमध्ये मुंगसाच्या केसांच्या ब्रशला मोठी मागणी असे. पाकिटावर 'मॉन्गूस हेअर' छापलेलं असे. बाईंनी यातही व्याकरण पाहिलं. एका नामापुढे दुसरं नाम विशेषणासारखं ठेवलं की ते सहसा एकवचनातच राहतं, मुंगसं कितीही मारली असली तरी 'मॉन्गूसेस हेअर' होत नाही. मामांना व्याकरणाशी देणंघेणं नव्हतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, त्याची शिकार आणि केसांचा व्यापार गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर अशा ब्रशांवर छापे घातले, हे त्यांनी नातीला बारकाईने समजावलं. "हे वाक्य तिला इंग्रजीत लिहायला शिकवा, बाई. कृत्रिम केसांचे ब्रश घ्या, असं. गिऱ्हाइकांना दाखवायला मला हवंय."

बाईंनी तिथल्या तिथे वहीच्या पानावर वाक्य लिहिलं, 'डू नॉट बाय मॉन्गूस-हेअर ब्रशेस.' आण्णांनी त्याखाली कन्नडमध्ये लिहून दिलं, मामांनी मराठीत. तीन ओळी, तीन लिपी. ते पान काउंटरच्या काचेखाली गेलं.

मग मामांनी पुढचा शब्द काढला. "बँडिकूट? तोही आपल्याकडचाच म्हणे."

"तेलुगू. पंदि-कोक्कु, म्हणजे डुक्करउंदीर. आपली घूस."

"आम्ही हेग्गण म्हणतो," आण्णा म्हणाले.

"इथे घूस हा शब्द उपयोगाचा नाही, मामा," बाई म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियात बँडिकूट म्हटलं की पिशवीत पिल्लू ठेवणारा वेगळाच प्राणी. तो उंदीरही नाही. मूळ सांगून भागणार नाही, देश सांगावा लागेल."

"दोन्ही सांगू की," मामा म्हणाले आणि नातीने नवीन पान उघडलं.